डूडल आणि लाल शराटी : एका नाजूक मुलाच्या गोष्टीतले पक्षी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलुंडला दर शनिवारी संध्याकाळी आमचा वाचनकट्टा भरतो. आठवी-नववीची मुलं येतात, कॉलेजची येतात, त्यांना सोडायला आलेले आईबाबा, आजीआजोबाही मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकतात. जेम्स हर्स्टची ‘द स्कार्लेट आयबिस’ ही गोष्ट मी तिथे बऱ्याचदा मराठीत सांगितली आहे. दर वेळी तेच तेच प्रश्न येतात. काही तिथेच, काही रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर. ते इथे एकत्र केले आहेत. खाली गोष्टीच्या शेवटासकट सगळं आहे, तेव्हा गोष्ट वाचली नसेल तर आधी ती वाचा.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल का?

अमेरिकेच्या दक्षिण भागात शेतं आणि दलदल यांच्यामध्ये एक घर आहे. तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला भाऊ होतो. बाळाचं डोकं मोठं, अंग एवढंसं, लालसर, म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं. हे काही जगत नाही असं धरून वडील सुताराकडून छोटीशी शवपेटी करून घेतात. बाळ जगतं. उशिरा रांगायला लागतं, तेही मागे मागे सरकत. म्हणून थोरला त्याला डूडल म्हणायला लागतो, मातीत उलटा सरकणारा एक किडा असतो त्याच्यावरून. आपला भाऊ चालू शकत नाही याची थोरल्याला लाज वाटते. त्या लाजेपोटी तो पाच वर्षांच्या डूडलला गुपचूप चालायला शिकवतो. ते जमतं आणि मग हाव वाढते. शाळा सुरू व्हायच्या आत डूडलला पळता, पोहता, झाडावर चढता, मारामारी करता आली पाहिजे.

१९१८ च्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी घरातली सगळी जेवायला बसलेली असताना अंगणातल्या झाडावर एक लालभडक पक्षी येऊन बसतो आणि डोळ्यांदेखत खाली पडून मरतो. त्याच दिवशी दोघे भाऊ सरावाला जातात. डूडल थकून जातो, सराव फसतो, वादळ येतं. थोरला रागाने पुढे पळत सुटतो, धाकटा मागून हाका मारत राहतो. थोरला परत येऊन बघतो तर डूडल एका झुडपाखाली गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेला. तोंडातून रक्त आलेलं. गेलेला.

गोष्ट ‘द अटलांटिक मंथली’च्या जुलै १९६० च्या अंकात आली. हर्स्ट संगीत शिकला आणि पुढे न्यूयॉर्कला बँकेत ३४ वर्षं नोकरी केली. त्याचं नाव राहिलं ते या एका गोष्टीमुळे.

आयबिस म्हणजे नेमका कोणता पक्षी? आपल्याकडे दिसतो का?

आयबिस म्हणजे शराटी. लांब, खाली वाकलेली चोच चिखलात खुपसून खातो, म्हणून त्याला कुदळ्याही म्हणतात. पांढरा शराटी आणि मोर शराटी हे दोन मुंबईच्या आसपास दिसतात. मी दोन्ही भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला पाहिले आहेत. पांढऱ्या शराटीचं डोकं आणि मान उघडी, काळी असते. जवळून पाहिलं की तो पक्षी फार म्हातारा वाटतो.

गोष्टीतला लाल शराटी मात्र आपल्याकडचा नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि कॅरिबियन बेटांवरचा. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या दोन राष्ट्रीय पक्ष्यांपैकी तो एक आहे. त्याचा लाल रंग खाण्यातून येतो. चिखलातले छोटे कवचधारी जीव खाल्ले की त्यांच्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. पिल्लं करड्या-तपकिरी रंगाची असतात. आपल्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचंही असंच: पिल्लू करडं, आणि पुढे खाण्यातून येतो तो गुलाबी.

मग मराठीत सांगताना सरळ ‘फ्लेमिंगो’ म्हटलं तर? मुलांना पटकन कळेल.

कळेल, पण गोष्ट मोडेल. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख, हजारोंच्या थव्याने येतो. शिवडीला, ऐरोलीला लोक मुद्दाम बघायला जातात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. आता तो ओळखीचा पाहुणा आहे. गोष्टीतला पक्षी एकटा आहे, वादळाने वाट चुकवलेला आहे, आणि घरातल्या कुणालाच त्याचं नाव माहीत नाही. हा अनोळखीपणा राहायलाच हवा. मी ‘लाल शराटी’ म्हणते. मुलं विचारतात, “बाई, शराटी म्हणजे काय?” डूडलच्या घरातही त्या दुपारी हाच प्रश्न पडला होता.

पक्षी म्हणजे डूडल. उत्तरात एवढंच लिहायचं ना?

मार्क मिळतील. साम्यं खरीच आहेत आणि लेखकाने ती जपून पेरली आहेत. दोघेही नाजूक, दोघेही आपली जागा नसलेल्या ठिकाणी आलेले, दोघांवरही त्यांच्या ताकदीबाहेरचा ताण पडलेला, दोघेही वादळाचे बळी. पक्षी मरतो तेव्हा त्याच्या बाकदार मानेचा पीळ सुटून ती सरळ होते. शेवटी डूडलची मान मागे कलते आणि भावाला ती कधी नव्हे इतकी लांब आणि बारीक दिसते. पायांचंही तसंच.

पण मुलांना मी एक प्रश्न विचारते: हे साम्य दाखवतंय कोण?

डूडल नाही. गोष्ट सांगतोय तो थोरला भाऊ, पुष्कळ वर्षांनी, मोठा झाल्यावर. पक्षी आणि डूडल यांना एकत्र बांधतो तो. पक्षी झाडावरून पडला त्या वेळी त्याला त्यात डूडल दिसला नव्हता. दिसला तो पावसात, त्या लहानशा देहावर ओणवं होऊन त्याला झाकताना. म्हणजे हे प्रतीक उशिरा कळलेलं आहे, आणि तो उशीरच त्या माणसाला जन्मभर खातोय.

आता जेवणाच्या टेबलापाशी परत या आणि एकेकाकडे बघा. वडील पक्ष्यांचं पुस्तक मागवतात, नाव शोधतात. आईला जेवण पुरं करायची घाई. डूडल उठत नाही तेव्हा ती त्याला पीचच्या गोड पदार्थाचं आमिष दाखवते. तीच बजावते, हात लावू नकोस, काय रोग असेल कुणास ठाऊक. घरातली नायसीआत्या म्हणते, मेलेला लाल पक्षी अपशकुनी. प्रत्येकाने त्या पक्ष्याचं काहीतरी केलं आणि त्याला बाजूला ठेवलं. डूडल एकटा गुडघ्यांवर बसतो आणि सांगतो, मी याला पुरणार.

मग तो खिशातून दोरीचा तुकडा काढतो. हात लावू नको असं सांगितलंय, म्हणून पक्ष्याला न शिवता त्याच्या मानेत दोरीचा फास अडकवतो आणि हळू आवाजात प्रार्थनेचं गाणं म्हणत त्याला पुढच्या बागेत नेतो. फावड्याचा दांडा त्याच्या दुप्पट उंच. घरातली माणसं खिडकीतून बघतात. त्याची ती धडपड बघून त्यांना हसू येतं आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडावर हात धरतात.

माझ्या मते गोष्टीचं काळीज इथे आहे. त्या घरात पक्ष्याकडे पक्षी म्हणून बघणारा एकटा डूडल आहे. त्याला त्यात अपशकुन दिसत नाही, आपलं मरणही दिसत नाही. एक जीव आला, मेला, त्याला मातीत नीट ठेवायला हवं, एवढंच त्याला कळतं. थोडी जागा असेल तर उत्तरात हे लिहा.

वडील पुस्तक उघडून नाव शोधतात, त्यात वाईट काय?

काहीच नाही. नाव विचारणं हीही माया असू शकते. आपल्या खेतवाडीत वाढलेल्या, आईवडील लहानपणीच गेलेल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी पक्ष्यांचे नमुने भरलेले खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या मुलाच्या हातात मेलेली चिमणी होती आणि तिचं नाव कळल्यावर त्याचं बघणं सुरू झालं. डूडलच्या वडिलांचं बघणं नाव सापडताच संपलं.

घुबडाचा प्रसंग कशासाठी आहे?

थोरला डूडलला माळ्यावर नेऊन त्याची ती शवपेटी दाखवतो आणि तिला हात लावायची सक्ती करतो. पेटीतून घुबड फडफडत बाहेर येतं. डूडल भीतीने थिजतो आणि रडत म्हणतो, मला सोडून जाऊ नकोस. शेवटी वादळात तो हेच ओरडतो. घुबड इथे मरणाची खूण आहे हे कुणीही सांगेल. माझं लक्ष त्या विनवणीकडे जातं. ती पहिल्यांदा एका पक्ष्याच्या साक्षीने येते आणि तेव्हा भाऊ त्याला खांद्यावर घेऊन खाली आणतो. दुसऱ्यांदा तो थांबत नाही.

आणि मोर? तो तर गोष्टीत खरा नाहीच.

म्हणून तर तो मला सगळ्यांत आवडतो. दोघे भाऊ एकमेकांना थापा मारायचे. डूडलच्या थापांतल्या माणसांना पंख असत आणि ती हवी तिथे उडून जात. त्याची लाडकी थाप पीटर नावाच्या मुलाची. या पीटरकडे दहा फुटी पिसाऱ्याचा पाळीव मोर असतो. पीटरला झोप आली की मोर पिसारा पसरतो आणि त्याला त्यात गुरफटून घेतो.

हे स्वप्न नीट बघा. चालायला नुकतंच शिकलेल्या मुलाने स्वतः उडायचं स्वप्न बघितलं असेल असं आपल्याला वाटतं. त्याला मात्र पांघरूण हवं आहे, कुणीतरी जवळ घेऊन निजवणारं. आपल्याकडे जनाबाईच्या अभंगात पक्षी दिगंतराला जातो तो पिलांना चारा आणायला, आणि आकाशात हिंडणारी घार झडप घालते ती पिलापाशी. तिथलं पिलू काही सिद्ध करत नाही. ते घरट्यात बसून वाट बघतं आणि त्याच्यासाठी तेवढं पुरेसं असतं. हा अभंग डूडलच्या मोराशेजारी ठेवला की भावाच्या सगळ्या सरावाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. सरावाच्या दिवसांत एकदा डूडल त्याला विचारतोही, मी इतरांपेक्षा वेगळा राहिलो तर काय फरक पडतो? भाऊ म्हणतो, पडतो.

सुरुवातीला रिकाम्या घरट्याचा उल्लेख येतो, तो?

झाडावरचं रिकामं घरटं वाऱ्यावर पाळण्यासारखं हलतंय. पहिल्याच परिच्छेदात पाळणा रिकामा झालेला आहे. यापेक्षा जास्त समजावून सांगू नये.

लाल रंग इतक्या वेळा का येतो?

जन्मतः लाल अंग, लाल पक्षी, पक्षी ज्यावर बसतो ते ‘रक्ताळणारं’ झाड, शेवटचं लाल झुडूप, शर्टावरचं रक्त. रंग सगळीकडे धाग्यासारखा ओवला आहे. फक्त ‘लाल म्हणजे धोका’ असं लिहू नका, तो सिग्नलचा नियम झाला. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकू, गुलाल, आणि पूर्वी विधवेचं अलवणही. इथला लाल आधी सुंदर आहे. अंगणात असं काही याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

आत्या म्हणते मेलेला लाल पक्षी अपशकुनी. हे आपल्या शकुनांसारखंच ना?

हो, आणि म्हणून आपल्या आज्यांना ती आत्या लगेच कळते. टिटवी ओरडली, घराच्या वळचणीला घुबड बसलं, की अजूनही एखादी आजी देवाचं नाव घेते. पण आपल्याकडे पक्षी फक्त वाईट सांगत नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणीला कावळ्याच्या ओरडण्यात प्रिय येण्याचा शकुन दिसतो. तोच कावळा दहाव्याला पिंडाला शिवला नाही तर घरची माणसं हात जोडून उभी राहतात, गेलेल्याची राहिलेली इच्छा आठवून वचन देतात, अमुक करू, तमुक सांभाळू. बाणगंगेला मी माझ्या वडिलांच्या वेळी अशी पाऊण तास उभी होते. त्या वेळी कावळा हा शकुनही नव्हता आणि प्रतीकही नव्हतं. आम्ही ज्याच्याकडे बघत होतो तो निरोप नेणारा होता.

फरक सांगायचा तर शकुन पुढचं सांगतो आणि प्रतीक मागचं उलगडतं. आत्या पुढे बघत्येय, भाऊ मागे बघतोय.

डूडलला भावाने मारलं का?

पक्ष्यांबद्दलचा प्रश्न नाही, पण दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्या मुलाचा चेहरा बघून कळतं की त्याला कुणीतरी धाकटं आहे.

मी लालबागला चाळीत वाढले. माझ्या धाकट्या भावाला दमा होता. मी नऊ वर्षांची, तो सहाचा. बाकीच्या मुली माझ्यासाठी थांबत नसत, म्हणून मी त्याला जिन्यावरून पळवायचे, ‘चल ना रे, किती हळू’ म्हणत. एका पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो खाली बसला. ओठ निळे पडलेले, खांदे श्वासागणिक वरखाली होत होते, आणि तो माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता, मी रागावू नये म्हणून. तो आज आहे, त्याची मुलं मोठी झाली. ते हसू मात्र मला अजून दिसतं.

म्हणून माझं उत्तर असं: त्याने मारलं नाही, तो थांबला नाही. डूडल चालला तेव्हा आई आनंदाने रडली आणि थोरलाही रडला, कारण हे आपण स्वतःची लाज झाकायला केलं हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. एवढी कबुली देणाऱ्या माणसाला मी खुनी म्हणणार नाही.

आमच्या घरात असं आजारी मूल आहे. त्याच्यासमोर ही गोष्ट सांगावी का?

आधी तुम्ही एकट्याने वाचा. दहा वर्षांखालच्या मुलांना मी सांगत नाही. त्या मुलाच्या भावंडाला सांगायची असेल तर अवश्य सांगा, पण जवळ बसून. आणि कृपा करून “बघ, म्हणून त्याला त्रास द्यायचा नाही” असं वर जोडू नका. भावंडाला ते आपोआप कळतं, आणि जोडलं की त्याला वाटतं आपल्यावर आळ आला.

मुंबईत वाढणाऱ्या मुलांना हे सगळं फार दूरचं वाटत नाही का?

मलाही वाटायचं. मग २० मे २०२४ ची रात्र झाली. घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले आणि वस्तीत, रस्त्यांवर पडले. पुढच्या शनिवारी तिकडून येणारा एक मुलगा कट्ट्यावर गप्पच होता. शेवटी म्हणाला, त्याने गटाराच्या झाकणाजवळ एक पाहिला. पाय दुमडलेला होता आणि पंखाच्या आत, जिथे एरवी दिसत नाही तिथे, पिसं गुलाबीपेक्षा खूप लाल होती. आई म्हणाली, हात लावू नकोस. तो तिथेच उभा राहिला, पालिकेची गाडी येईपर्यंत. का उभा राहिलास, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, “कुणीतरी पाहिजे ना तिथे.”

त्याने तोपर्यंत ही गोष्ट ऐकलेली नव्हती. मी त्या दिवशी ठरवलेलं बाजूला ठेवून हीच सांगितली.

मला अशी गोष्ट लिहायची आहे. कोणता पक्षी घेऊ?

जो तुम्ही स्वतः बराच वेळ बघितला आहे तो. ‘नाजूक मूल म्हणजे चिमणी’ हे चिऊकाऊपासून इतकं झिजलं आहे की वाचक बघतच नाही. दुर्मीळ पक्षी शोधायचीही गरज नाही. खिडकीच्या जाळीत अडकलेलं कबुतर घ्या. संक्रांतीच्या मांज्याने पंख कापलेली घार घ्या, तिचा डोळा केवढा मोठा असतो ते लिहा. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं कोकिळेचं पिल्लू घ्या. ते उडायला लागताच कावळे त्याच्या मागे लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात ते भेदरलेलं सापडतं. त्यात एक अख्खी गोष्ट आहे.

दोनच गोष्टी सांभाळा. पक्षी आधी पक्षी म्हणून खरा असू द्या: काय खातो, कसा बसतो, मेल्यावर त्याची नखं कशी वळतात. हर्स्टने हे सगळं केलं आहे, म्हणून पुढचा अर्थ पेलतो. आणि तुलना तुम्ही करू नका, पात्राला करू द्या. तिची किंमत मोजलेल्या पात्रालाच.

गोष्ट ऐकल्यापासून मुलगी खाली पडलेली पिल्लं घरी आणते. काय करू?

आधी पिल्लाला पिसं फुटली आहेत का ते बघा. पिसं असतील आणि ते उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. आईबाप बहुतेक वेळा जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, त्याच झाडाच्या फांदीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर ठेवा आणि लांब उभं राहून बघा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात हे खरं नाही. अंगावर पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासात जातं. दूध-पोळी मुळीच देऊ नका. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात पक्ष्यांवरही उपचार होतात.

नंतर साबणाने हात धुवा. डूडलच्या आईचं तेवढं म्हणणं बरोबर होतं. आणि पिल्लू वाचलं नाही तर मुलीला घाईने जेवायला बोलावू नका. कुंडीतली माती तिला उकरू द्या, खुरपं मोठं असलं तरी.